रुल्फोचं देणं

मी गोष्टी लिहितो त्या कोरडवाहू गावांच्या. त्या कशा लिहाव्यात हे मला शिकवलं मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याच्या एका माणसाने. हुआन रुल्फो त्याचं नाव. हालिस्कोने जगाला ओरोझ्कोसारखा भित्तिचित्रकार दिला, लुइस बारागानसारखा वास्तुकार दिला. माझ्या वाट्याला आला तो रुल्फो.

जन्म १९१७चा. सहा वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला, दहाव्या वर्षी आई गेली. चर्चविरोधी सरकारविरुद्ध कॅथलिकांनी पुकारलेल्या क्रिस्तेरो बंडाच्या धामधुमीत सान गाब्रिएलच्या पाद्र्याने आपली पुस्तकं रुल्फोच्या आजीच्या घरी आणून ठेवली होती. पोराने त्यांचा फडशा पाडला. त्या पाद्र्याचंही मी देणं लागतो.

१९४५ साली ग्वादालाहाराच्या ‘पान’ या छोट्या मासिकात रुल्फोची एक कथा आली. हालिस्कोचेच आर्रेओला आणि आलातोर्रे हे मासिक चालवत. क्रांतीनंतर सरकारने वाटलेली जमीन ताब्यात घ्यायला निघालेली माणसं त्या कथेत माळ तुडवत चालली आहेत. निघाली तेव्हा वीसेक होती, आता चार उरली आहेत. पावसाचा एकच टपोरा थेंब पडतो, मातीत खळगा करतो. सगळे थांबून वर बघतात. दुसरा थेंब पडत नाही. हाच माळ सरकारने त्यांना दिलेला! तक्रार केली तर साहेब म्हणतो, लेखी द्या. चौघांतल्या एकाने अंगरख्याखाली कोंबडी धरली आहे; घरी मागे कोणी नाही, म्हणून तिला बरोबर घेतलंय.

रुल्फो कुठेही हळहळत नाही. तो थेंब, तो माळ, ती कोंबडी, बस्स. दुष्काळावर लिहायला बसलो की मी आधी हीच कथा वाचतो आणि मग माझ्या कागदावरची निम्मी विशेषणं आपोआप गळतात. माझ्या लिखाणात जे थोडंफार खरं उतरलं असेल, ते त्याचं.

टायर कंपनीचा फिरता विक्रेता म्हणून तो देशभर हिंडला. १९५३ साली कथासंग्रह आला, १९५५ साली ‘पेद्रो पारामो’ ही छोटी कादंबरी. ती हाती पडली त्या रात्री गार्सिया मार्केसने दोनदा वाचली. त्यानंतर रुल्फोने फारसं काही छापलंच नाही. १९८६ साली तो गेला.

गावाकडचं लिहू पाहणाऱ्या तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्या माळावरच्या कथेपासून सुरुवात करा. ‘पेद्रो पारामो’ नंतर घ्या, आणि ती एकदा वाचून ठेवून देऊ नका.