पुढचं आधी, मागचं नंतर

परातीत भेंड्या होत्या, आणि त्याही भाजीला कुणी घेणार नाही अशा जून. शेजारी वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद, पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली, ताटलीत ओला स्पंज, सुतळीचा गुंडा आणि विणकामाची एक जाड सुई. एवढ्या सामानातून नाताळचं कार्ड कसं होणार, हे मला काही केल्या उमगेना. मी आजवर कार्डं विकतच आणत आले. फुलांचे ठसे मारून घरच्या घरी साधंसं, गावाकडच्या वळणाचं कार्ड करता येतं असं कळलं आणि वसईला मैत्रिणीच्या आईकडे जाऊन बसले. मावशी दर वर्षी नाताळच्या आधी अशी कार्डं करतात. रबरी ठसे, शाईचे पॅड, चमकी असं काहीबाही माझ्या मनात होतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

“भेंडी कोवळी असली की दाबल्यावर चेपते. जूनच लागते,” म्हणत मावशींनी देठाकडून दोन बोटं सोडून भेंडी कापली. सुरी अगदी सरळ खाली. कापलेल्या तोंडावर पाच कप्पे दिसले आणि पाच पाकळ्यांचं फूल तयार झालं. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. दोघींच्याही फुलाला पाच पाकळ्या, आणि भेंडी आडवी कापली की बहुधा तोच पाचाचा हिशेब आतही दिसतो. एखाद्या भेंडीत सहा-सात कप्पेही निघतात. देठाकडचा काप मोठ्या फुलाचा, टोकाकडचा कळीएवढ्या फुलाचा. एकाच भेंडीतून लहानमोठी सगळी फुलं मिळतात.

तरी लगेच रंग लावायचा नाही, हे माझ्यासाठी पहिलं कोडं. कापलेल्या तोंडाशी बुळबुळीत रस आलेला असतो, त्यावर रंग धरत नाही, घसरतो. म्हणून ते तोंड जुन्या सुती फडक्यावर टिपायचं आणि थोडा वेळ उघडं ठेवून सुकू द्यायचं. बिया तशाच ठेवल्या तर पाकळीच्या आत ठिपका उमटतो, सुईच्या टोकाने काढल्या तर पाकळीची नुसती कड उमटते. रंगही ब्रशने भेंडीला फासायचा नाही. तो स्पंजावर पसरायचा आणि त्यावर भेंडी हलकेच टेकवायची, म्हणजे कडांना रंग लागतो, कप्पे भरत नाहीत. मग कागदावर सरळ खाली दाबायची, डोलवायची नाही, आणि तशीच सरळ वर उचलायची. कागदाखाली जुन्या मासिकांची चळत ठेवली की सगळ्या कडा कागदाला नीट टेकतात.

रंग पांढराच का, हे मी विचारलं. खाकी कागदावर जलरंग किंवा स्केचपेनची शाई लावली तर ती कागदात मुरते आणि खालचा तपकिरी रंग तिच्यातून दिसत राहतो. पिवळा मळकट होतो, गुलाबी विटकट. पोस्टर कलर दाट आणि अपारदर्शक असतो, त्यात पाणी अगदी कमी घातलं की तो कागदावर बसतो आणि खालचं झाकतो. पहिलं फूल उमटलं तेव्हा सारवलेल्या अंगणात रांगोळी उठून दिसावी तसं ते दिसलं. तगरच होती ती. वसईच्या वाड्यांमधून तगर, मोगरा, सोनचाफा, जास्वंद अशी फुलं दादरच्या बाजारात जातात. इथल्या कार्डावर इथलंच फूल यावं, हे मला फार आवडलं.

पण नाताळचं फूल म्हणजे लाल पॉइनसेटिया ना, असंही मनात आलं. ते झाड मूळचं मेक्सिकोतलं. अमेरिकेचे तिथले पहिले राजदूत जोएल पॉइनसेट यांनी 1820 च्या दशकात ते आपल्या देशात पाठवलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. ज्यांना आपण लाल पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंग बदललेली पानं असतात, खरी फुलं मधोमध अगदी बारीक, पिवळी. हे कळल्यावर मावशींच्या अंगणातल्या पॉइनसेटियाकडे मी वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

कागदाने मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं. खाकी कागदाची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत. ठसा खरखरीत बाजूवर मारायचा, तिथे रंग चांगला धरतो. शिवाय कागदातले तंतू बहुतांशी एका दिशेने बसलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. त्या दिशेने फाडला की कागद बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर घडीवर भेगा दिसतात. म्हणून आधी एका कोपऱ्याची पट्टी फाडून दिशा बघायची, मग मोजपट्टी धरून विणकामाच्या सुईने रेघ दाबायची आणि मगच घडी घालायची. ए-फोर आकाराचा कार्डपेपर मधोमध कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाची घडी घातली की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड मिळतं. त्यावर ठसे मारलेला खाकी कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा. खळीच्या ओलाव्याने कागद फुगतो आणि वळतो, म्हणून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवायचा.

मग आला खरा पेच. मला फुलाच्या मागून डोकावणारी पानं हवी होती. चित्र काढताना मागचं आधी रंगवून पुढचं त्यावर चढवतात, तेव्हा आधी पानं आणि मग फूल, असं मी धरून चालले. मावशी म्हणाल्या, “नाही गं, ठशात उलटं. पुढचं आधी, मागचं नंतर.” का ते त्यांनी हातानेच दाखवलं. फुलाचा ठसा वाळला की तसाच एक ठसा पातळ कागदावर मारायचा, तो कडेने कापायचा आणि मूळ फुलावर झाकणासारखा तंतोतंत ठेवायचा. मग जास्वंदीच्या पानाला मागच्या बाजूने हिरवा पोस्टर कलर लावायचा, कारण शिरा मागे उठलेल्या असतात. ते पान अर्धं झाकणावर, अर्धं कागदावर ठेवून वरून कोरा कागद धरायचा आणि बोटाने चोळायचं. पान उचललं, झाकण काढलं, आणि फुलामागे पान उभं! पानाची प्रत्येक शीर, करवतीसारखी कड, सगळं जसंच्या तसं. एवढ्याशा कागदाच्या तुकड्याने कार्डाला खोली येते, हे मी स्वतः पाहिलं म्हणून खरं वाटलं.

शेवटी सुतळी. अख्खी सुतळी जाड पडते, म्हणून तिचा पीळ सोडून एकच पदर घ्यायचा आणि घडीवरून बांधायचा. चमकी लावूया का, असं मी विचारलं, तेव्हा मावशी कामातून मान वर न करता म्हणाल्या, “ज्याचा जन्म गोठ्यात झाला, त्याच्या सणाला खाकी कागद पुरतो.”

नाताळचं पहिलं छापील कार्ड 1843 मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी करून घेतलं. चित्र जॉन कॅलकॉट हॉर्सली यांचं. पत्रांना एकेक उत्तर लिहिण्याएवढी सवड नव्हती, म्हणून एकच चित्र सगळ्यांना पाठवायची सोय त्यांनी शोधली. तरीही दगडावरून छापलेली ती कार्डं हातानेच रंगवलेली होती. मावशींची रीत याच्या अगदी उलट आहे. त्या ठसा मारण्याआधी प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीने नाव लिहितात. कुवेतच्या भाच्याचं, पॅरिशमधल्या म्हाताऱ्या बाईंचं, शेजारच्या मुलाचं. आधी कार्डं करून मग ती वाटायची नाहीत. नाव लिहिलेलं असलं की किती फुलं, लहान की मोठी, पान एक की दोन, हे सगळं त्या माणसाकडे बघून ठरतं. भाच्याच्या कार्डावर त्यांनी एकच मोठं फूल घेतलं, बाईंच्या कार्डावर कळ्याच कळ्या.

मीही माझ्या कार्डांच्या मागे नावं लिहिली. ठशाचा नियम इथेही लागू पडतो, असं मला मनापासून वाटतं: ज्याच्यासाठी कार्ड करायचं तो पुढचा, म्हणून तो आधी. बाकी सगळं त्याच्या मागे जागा शोधतं. या डिसेंबरात कुणाला करून बघायचं असेल, तर बाजारातल्या जून भेंड्या टाकून देऊ नका, आणि पहिल्या आठवड्यातच बसा. रंग वाळायला, खळ सुकायला आणि टपाल पोचायला वेळ लागतो.