ग्रिलमधला आरसा

अंधश्रद्धेची मला चीड आहे, आणि त्या चिडीचा थोडा गर्वही होता. नोकरी सगळी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. फळा सुटला, पण नोटीस बोर्ड हाती आला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये भलामोठा आरसा बांधलेला दिसला, तेव्हा मला विचार करावासाच वाटला नाही. समोर नवे टॉवर उभे राहिलेत, एकाचा कोपरा नेमका यांच्या खिडकीवर येतो. म्हणजे वास्तुदोष, आणि तो परतवायला आरसा!

वहिनी चार घरी पोळ्या करतात, मंगळवार धरतात, दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात. एवढ्या पुराव्यावर मी निकाल दिला. हाच आरसा वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर साहेबांनी लावला असता, तर मी आधी ‘कशासाठी?’ असं विचारलं असतं. वहिनींना विचारलं नाही, शिकवलं. जिन्यात, चार माणसांदेखत म्हणालो, “वहिनी, आरशाने दोष परतत नसतो, फक्त उजेड परततो.” त्या हसल्या. “हो सर, तेवढा परतला तरी पुरे.”

मला वाटलं, पटलं त्यांना.

पुढे पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सह्या घेत फिरत होतो. दुपारी एकच्या सुमाराला त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघर आमच्या सगळ्यांचंच असतं तसं, दिवसा ट्यूब लावावी लागणारं. पण आतल्या भिंतीवरच्या फळीवर ऊन पडलं होतं. ट्यूबचा उजेड नव्हे, चांगलं पिवळंधमक ऊन, फळीच्या कडेला काळी रेघ मारल्यासारखी सावली पाडणारं. त्या उन्हात तेलाच्या कापलेल्या डब्यांत कोथिंबीर, पुदिना, ओवा आणि एक कढीपत्ता होता.

आरसा जुन्या गोदरेज कपाटाच्या दाराचा. कपाट भंगारात गेलं, आरसा ठेवून घेतला. आतली कड तारेने ग्रिलच्या बुडाला बांधलेली, बाहेरची सुतळीने उचलून धरलेली. दोन टॉवरांच्या फटीतून तासा-दीड तासाचं ऊन येतं ते ग्रिलवर पडतं आणि तिथेच संपतं. आरसा ते उचलून आत फेकत होता. वहिनी कणीक मळत होत्या. हात न धुता त्यांनी जाता जाता कोपराने आरसा किंचित ढकलला. घसरत चाललेला कवडसा पुन्हा डब्यांवर आला.

“सूर्य जेवढा सरकतो तेवढा नाही ढकलायचा सर,” त्या म्हणाल्या. “त्याच्या निम्मा. जास्त ढकलला की ऊन फ्रिजवर जातं.”

आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं आहे, तुटक रेषा, बाण, कोन सगळं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे आरसा साधारण साडेसात. मुलांकडून पाठ करून घेतलं. घरातलं एक रोपटं जगवायला त्याचा उपयोग होईल, हे मला कधी सुचलं नाही. आमच्या गॅलरीतली तुळस टॉवरच्या सावलीत वाळली तेव्हा मी नवी आणली. तीही वाळली, तेव्हा नर्सरीवाल्याला दोष दिला.

पण मला खरी चपराक बसली ती पुढच्या प्रश्नाने. मी विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? कुंड्या सरळ ग्रिलमध्येच का नाही ठेवल्या?”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, “तुम्हीच नोटीस लावली ना, सर. ग्रिलमध्ये कुंड्या ठेवू नयेत म्हणून.”

लावली होती. खालच्यांच्या कपड्यांवर मातीचं पाणी गळतं, वजनाने ग्रिल सैल होतं. कारणं खोटी नव्हती. बऱ्याच जणांनी ती नोटीस वाचून दुर्लक्ष केलं. वहिनींनी पाळली. कुंड्या आत घेतल्या आणि मागोमाग सूर्यही आत घेतला. नियम माझा, त्यातून वाट काढली त्यांनी, आणि त्या वाटेला अंधश्रद्धा म्हणून चारचौघांत हसलो मी. सह्यांचा कागद हातात धरून मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. माफी मागायला हवी होती. मी चहा घेतला.

रात्री एक जुनी गोष्ट आठवून आणखी लाज वाटली. नॉर्वेतलं र्‍युकान हे गाव डोंगरांच्या खोबणीत आहे, सप्टेंबर ते मार्च तिथे ऊन उतरत नाही. 1928 साली लोकांना वर उन्हात नेणारा रोपवे तिथे बांधला गेला. 2013 मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून ऊनच खाली चौकात आणलं. संगणक ते आरसे सूर्यामागे फिरवतो. ही बातमी मी वर्गात किती कौतुकाने सांगितली होती! नॉर्वेत आरसा लावला की विज्ञान, विक्रोळीत पोळ्या करणाऱ्या बाईने लावला की लिंबू-मिरची.

वहिनींना हे सगळं सांगितलं, तर त्यांना नॉर्वेचं फारसं अप्रूप वाटलं नाही. कोकणातल्या त्यांच्या घरी माजघरावर एक काचेचं कौल होतं. त्याचं ऊन दिवसभर जमिनीवरून चालायचं, आणि त्यामागून आजी धान्याचं सूप सरकवत न्यायची.

मग मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेऊन आम्ही दोघं बसलो. भर उन्हात 1 लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. खिडकीपासून चार पावलं आत तो काहीशेवर येतो. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला खोली उजळ वाटते, झाडाला तशी सवलत नाही. कवडशात मोबाइल धरला की आकडा एकदम हजारोंत उडी मारायचा. वहिनींना आकड्यात रस नव्हता. त्यांचं म्हणणं, कोथिंबीर बघा.

आरशाने सगळं भागत नाही, हेही सांगतो. मिरचीला फुलं येतात आणि गळून जातात. मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा ग्रिलवरचा पत्राच ऊन अडवतो. पुढे पावसाळा. मग आरसा दिवाळीच्या सुमारापर्यंत पलंगाखाली. आणि लिंबू-मिरची अजून दर शनिवारी बदलली जाते. त्यावरून आमचे वाद होतात, पण आता मी आधी विचारतो.

गेल्या बैठकीत बिल्डरच्या माणसाने नव्या इमारतीचे नकाशे पसरले. खालच्या मजल्यांची स्वयंपाकघरं डक्टकडे तोंड करून. मी विचारलं, यांत कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन येईल? काही जण हसले. त्याने पार्किंगचा तक्ता पुढे केला. मी तो परत सरकवला आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितला. माझी सही उत्तर आल्यावर होईल.