पदवीची पारख

पक्षाघातानंतर आजोबांना सदऱ्याची गुंडी पुन्हा लावायला शिकवणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे पाहूनच नातीने ती विद्या निवडली. मुंबईत पदवी घेतल्यावर तिला अमेरिकेतील डॉक्टरेट खुणावू लागली. नावाआधी ‘डॉक्टर’ लागणार म्हणून घर हरखले. वडिलांनी मात्र मालाची पारख करावी तशी माहितीपत्रके तपासली.

तेथे नवशिक्यांसाठी प्रवेशस्तरीय ‘ओटीडी’, आधीच पात्र असलेल्या तज्ज्ञांसाठी प्रगत ‘ओटीडी’ आणि संशोधकांसाठी पीएच.डी. अशा तीन वाटा आहेत. पहिलीत २४ आठवड्यांचे पूर्णवेळ प्रात्यक्षिक आणि १४ आठवड्यांचा कॅपस्टोन प्रकल्प असतो. तरी मास्टर्स झालेल्यालाही तीच परीक्षा, तोच परवाना. दुसऱ्या वाटेने परीक्षेस बसण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. परदेशी पदवीची पडताळणी निराळी करावी लागते.

“हा वाढीव खर्च कोणत्या खात्यात धरायचा?” वडिलांनी विचारले.

“पुढे अध्यापन करायचे असेल तर भांडवलात,” ती म्हणाली. “नुसत्या नावासाठी असेल तर...”

“तर खोट,” आजोबा सावकाश गुंडी लावत म्हणाले.

त्या रात्री तिने प्रवेशअर्ज बाजूला ठेवून आधी पडताळणीचे कागद काढले.