परभणीची थंडी आणि शंकरपाळ्यांचा स्वेटर

परभणी म्हटलं की बाहेरच्यांना उन्हाळाच आठवतो. मे महिन्यात ४४ अंशांपर्यंत तापणाऱ्या गावात स्वेटरचं काय काम, असं पाहुणे विचारतात. पण मैत्रिणींनो, एकदा डिसेंबर-जानेवारीत येऊन पाहा! समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली काळी जमीन रात्री भराभर निवते. पारा १० अंशांच्या खाली उतरतो, एखाद्या वर्षी ५ च्याही खाली. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात तापमानाची नोंद होते. थंडीत वर्तमानपत्र उघडलं की आधी तोच आकडा बघायचा!

अशा सकाळी चहाच्या टपरीपाशी उन्हाला बसलेली वडीलधारी मंडळी बघावीत. धोतर नाहीतर पायजमा, डोक्याला टोपी, कानाला मफलर आणि सदऱ्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. रंग ठरलेले: राखी, तपकिरी, मरून. छातीवर शंकरपाळ्यांच्या ओळी नाहीतर पीळ घातलेली वेणी. जिंतूर, गंगाखेडकडच्या खेड्यांतून आलेल्यांच्या खांद्यावर मात्र घोंगडीच.

या शंकरपाळ्या मूळच्या दूरच्या, बरं का! स्कॉटलंडमधल्या अर्गाइल भागाचं नाव या नक्षीला आहे. साहेबाबरोबर ती आपल्याकडे आली आणि आजोबांच्या अंगावर अशी रुळली की परकी वाटतच नाही.

दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या गावांत स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. आपण सरसकट ‘नेपाळी’ म्हणतो, पण त्यांतले बरेचसे तिबेटी. १९५९ नंतर त्यांना आपला देश सोडावा लागला. महाराष्ट्रातही, आताच्या गोंदिया जिल्ह्यात, १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. माल मात्र बहुतेक लुधियानाचा, यंत्रावर विणलेला.

तिथे सासऱ्यांसाठी घेताना दोन गोष्टी बघा. म्हाताऱ्या माणसाला हात वर करून डोक्यातून कपडा घालणं जड जातं, म्हणून पुढून बटणांचाच घ्या. आणि ‘प्योर वूल’ म्हटलं तरी आतल्या शिवणीतला एक धागा मागून घेऊन जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. ॲक्रिलिक वाईट नव्हे, धुवायला सोपं. पण किंमत लोकरीची देऊ नका. लोकर कोमट पाण्यात रिठ्याने धुवावी, पिळू नये, सावलीत सपाट पसरून वाळवावी.

आता खरं सांगायचं ते. आपल्या ट्रंकांमध्ये आई-आजींनी विणलेले असे स्वेटर अजून आहेत. ‘चांगला आहे, ठेवून दे’ म्हणत घरच्या पुरुषांनी ते कधी पुरते वापरलेच नाहीत, आणि कसर मात्र लागते आहे. विणणारीने नक्षी कागदावर उतरवलेली नसते, ती तिच्या बोटांतच असते. म्हणून या थंडीत तो स्वेटर बाहेर काढा. चौकडीच्या वहीत एका चौकोनाला एक टाका धरून शंकरपाळी उतरवून घ्या. विणणारी घरात असेल तर तिला शेजारी बसवून पहिल्या दहा ओळी आजच सुईवर घाला. नक्षी वहीत आली की स्वेटर आजोबांना खुशाल रोज घालू द्या. थंडी काही ट्रंकेला वाजत नाही!