मागल्या गॅलरीची खोली

आमचा पुतण्या क्रूझ जहाजावर खोल्या आवरतो. घरच्यांना तिकिटात सवलत मिळते, म्हणून त्याने आम्हा उभयतांना सफर घडवायचे ठरवले. फोनवर जयभीम झाल्यावर विचारले, खोली कोणती घेऊ? आम्ही म्हणालो, अगदी मागची, गॅलरीवाली. जहाजामागची फेसाळ वाट दूरवर दिसते, समोरचा वाराही लागत नाही.

तो हसला. "काका, पंखा तिथेच खाली फिरतो, पलंग थरथरतो. लाटा मोठ्या असल्या की टोक जास्त वर-खाली होते. धुराड्याची काजळी पडते, ती आम्हीच पुसतो. शिवाय काकूंच्या गुडघ्यांना तो लांबलचक बोळ झेपेल का?"

त्याच्या स्वतःच्या खोलीला खिडकीच नाही, हेही तेव्हाच कळले.

मधली, लिफ्टजवळची घे म्हणालो. पण एखाद्या संध्याकाळी मागच्या डेकवर आमच्याजवळ येऊन उभा राहशील ना?

"काका, कामाशिवाय तिथे थांबायची आम्हाला मुभा नाही."