खडकावरचा हिशेब

मुरबाड ओलांडून माळशेजच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे वैशाखरे लागते आणि तेथून नाणेघाटाची जुनी वाट जवळ पडते. मागल्या हिवाळ्यात आम्ही ती चढलो. गुडघे कुरकुरत होते. पण सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख दृष्टीस पडला आणि श्रमांचे सार्थक झाले. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, याचा हिशेब सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लेण्याच्या भिंतीवर आकड्यांनिशी कोरलेला आहे; तोही व्यापाऱ्यांच्या भर रहदारीच्या वाटेवर!

खाली उतरून वैशाखऱ्यास चहा घेत असता एका आजीबाईंनी आमच्यापुढे औषधांची चिठ्ठी धरली. "गुरुजी, यातली कुठली गोळी सोडली तर चालंल?" औषधे पाच होती, पैसे तिहींपुरतेच होते. "डॉक्टरांनाच विचारा, आजी, स्वस्तातली मिळते का, तेही विचारा," एवढेच आम्ही म्हणालो. पण चिठ्ठीच्या माथ्यावर ज्या औषधाची जाहिरात छापली होती, तेच औषध यादीत पहिले होते. औषध योग्यही असेल. आमची शंका अन्यायाचीही असेल. पण ते ठरवावे कशावरून?

डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत, असा नियम वैद्यक परिषदेने 2009 सालीच केला. अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दिला. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने औषधविक्रीची नवी आचारसंहिता काढली. डॉक्टरांच्या कुटुंबीयांस भेटी देणेही तिने निषिद्ध ठरविले. परंतु अमुक डॉक्टरास अमुक कंपनीकडून काय पोचले, हे नावानिशी लोकांपुढे मांडण्याची सक्ती तीत नाही. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने ती केली आणि 2014 पासून तेथील कोणाही रोग्यास आपल्या डॉक्टराचे नाव घालून तो हिशेब पाहता येतो. आपल्याकडे डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांच्याच साक्षी गोळा करून 2016 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे ही खंत त्या व्यवसायातील सज्जनांनाही आहे.

येथवर लिहून आम्ही लेखणी खाली ठेवली, कारण समोरच्या कपाटाकडे लक्ष गेले. त्यात प्रकाशकांनी 'अवलोकनार्थ' पाठविलेली पुस्तके ओळीने उभी आहेत. त्यांतील दोन आम्ही वर्गास लाविली. ती चांगली होती म्हणून लाविली, असा आमचा प्रामाणिक समज आहे. डॉक्टरांचाही तसाच असेल! भेट घेणारा स्वतःस विकला गेला असे कधीच मानीत नाही. म्हणून तर त्याचा न्याय त्याच्या एकट्याच्या मनावर सोपविता येत नाही. हिशेब उघडा असला म्हणजे निर्दोष मनुष्याचा संशयही फिटतो.

नागनिकेने दक्षिणा कोरली ती कीर्तीसाठी. पुण्य गाजावे, अशी तिची इच्छा. जी भेट गाजू नये असे देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही वाटते, तिचे मोल बहुधा तिसरेच कोणी देत असते. वैशाखऱ्याच्या आजीबाईंनी दोन गोळ्या सोडल्या की काय, कोण जाणे. आम्ही मात्र त्या दोन पुस्तकांची नावे, ती विनामूल्य आल्याच्या नोंदीसह, उद्या वर्गाच्या फळ्यावर लिहिणार आहोत.