दिशा, वारा आणि मार्ग

इतिहास शिकविणाऱ्याने विमानाच्या मार्गनिर्देशनावर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने वैमानिक होण्याचे मनात घेतले आणि त्या विषयाचे प्राथमिक पुस्तक तिच्याबरोबर आम्हीही वाचू लागलो. वाचताना जाणवले की, हे शास्त्र आपल्या समाजातील प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे.

त्याची सुरुवात साधी आहे. नकाशावर दोन ठिकाणे जोडणारी रेघ ओढायची, उत्तरेपासून तिचा कोन मोजायचा आणि अंतर काढायचे. हे अंतर सागरी मैलांत असते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे एक सागरी मैल, अर्थात 1852 मीटर. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट.

परंतु विमानाचे नाक रेघेच्या दिशेने रोखले म्हणजे विमान रेघेवरूनच जाईल, असे नाही. ज्या हवेत ते उडते, ती हवाच वाहत असते. उत्तरेकडे 100 नॉट वेगाने निघालेल्या विमानास पश्चिमेकडून येणारा 20 नॉटचा वारा तासाभरात 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर, पूर्वेस सरकवतो. म्हणून वैमानिक वाऱ्याचा हिशेब आधी मांडतो आणि नाक सुमारे 12 अंश पश्चिमेस, वाऱ्याकडे, वळवून धरतो. वेग किंचित घटून 98 नॉट होतो. पण मार्ग सरळ राहतो.

आपल्या मुलांना आपण सांगतो, ‘नाकासमोर चाला, पोहोचाल.’ हे अर्धेच सत्य आहे. घरात पुस्तक नाही, शुल्काला पैसा नाही, वाट सांगणारे कोणी नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आडवा वारा आहे. तो न मोजता लेकराला दोष देणे हा अन्याय होय. शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण हे कोणाचे उपकार नव्हेत. तो वाऱ्याचा हिशेब आहे. ज्याला वारा दिसत नाही, त्याला वळवलेले नाक तेवढे वाकडे दिसते.

अमेरिकेतील बेसी कोलमन हिचे उदाहरण आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. 1892 साली टेक्सासमधील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली आणि लहानपणी कापूस वेचत वाढली. कृष्णवर्णीय आणि त्यातही स्त्री, म्हणून तिला तेथील विमानशाळांनी दारे बंद केली. ती फ्रेंच भाषा शिकली, फ्रान्सला गेली आणि 1921 साली वैमानिकाचा परवाना घेऊन परतली. तिने ध्येय बदलले नाही. नाक वाऱ्याकडे वळविले.

दुसरा धडा लहान चुकीचा. 60 मैलांच्या प्रवासात एक अंशाची चूक झाली, तर विमान सुमारे एक मैल बाजूला जाते. नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर साधारण 700 किलोमीटर. तेथे हीच चूक 12 किलोमीटरची होते. होकायंत्रावरही आंधळा विश्वास चालत नाही. ते भौगोलिक नव्हे, तर चुंबकीय उत्तर दाखविते. शिवाय विमानातील लोखंड आणि विजेच्या तारा त्याला विचलित करतात. म्हणून वैमानिक खाली नदी, तलाव, रेल्वेमार्ग ओळखतो, घड्याळ पाहतो आणि आपला अंदाज पडताळतो. परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश याहून वेगळा काय आहे?

गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर आज उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते आणि तो खर्च आपल्या घरांना न पेलणारा आहे, हे आम्ही जाणतो. मात्र या विद्येचा पाया नकाशा, कोनमापक, पट्टी आणि घड्याळ एवढ्यावर घालता येतो. तो आठवीच्या वर्गातच घालावा, अशी आमची इच्छा आहे.

माजी विद्यार्थ्यांस एकच विनंती. पुढे गेलेला वैमानिक वाटेतल्या हवेची वर्दी रेडिओवरून देतो आणि ती मागून येणाऱ्यांच्या कामी येते. आपण ज्या क्षेत्रात गेलात, तेथील वारा कसा होता, हे शाळेत येऊन मुलांना सांगावे.

नमो बुद्धाय, जय भीम!